रस्त्याकडेचे बोंडू

आज आम्ही तुम्हाला एका फळाची हकीकत सांगणार आहोत. हे फळ शहरच्या बाजारात फारसे दिसत नाही. ते खायचे तर वाटेत थांबावेच लागते.

आमचे एक स्नेही अमरावती जिल्ह्यातल्या वरुडचे. घरची संत्र्याची बाग. एप्रिल महिन्यात ते पहिल्यांदाच कोकणात आले. कणकवली स्टेशनावर आम्ही त्यांना उतरवून घेतले आणि मोटारीने मालवणला निघालो. कसालच्या पुढे रस्त्याकडेला एक म्हातारी बसली होती. पुढ्यात लाल-पिवळ्या बोंडूंची टोपली. शेजारी पानावर ओल्या काजूगरांचे वाटे.

"थांबवा, थांबवा!" स्नेही म्हणाले. खाली उतरून बघतात तर काय! "हे फळ त उलटंच दिसते! बी बाहेर कशी?"

आहेच ते तसे. बोंडू म्हणजे काजूचा फुगलेला देठ. खरे फळ ती खालची बी. हे झाड मूळचे ब्राझीलचे. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी ते इकडे आणले.

आम्ही हे सांगतो आहोत तोवर स्नेह्यांनी एक बी उचलून तोंडाशी नेली. आता फोडणार, इतक्यात म्हातारी ओरडली, "खाव नको रे बाबा! तोंड भाजात!" आणि तिने बी हिसकावूनच घेतली.

म्हातारी होती म्हणून बरे. काजूच्या टरफलात जळजळीत तेल असते. कातडीला लागले तर भाजल्यासारखे फोड येतात. मग ओठांचे काय होईल? म्हणून वाळलेली बी भाजून मगच फोडतात. भाजताना जो धूर निघतो तोही वाईट. पोरांना तिथे फिरकू देऊ नये. हे तेल रंगात घालतात, मोटारीच्या ब्रेकमध्येही वापरतात.

मग आम्ही मीठ लावून बोंडू खाल्ले. घसा थोडा खवखवतो, पण रस किती! स्नेह्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर ओघळ आला. तो डाग काही जायचा नाही. बोंडूत संत्र्यापेक्षा जास्त क जीवनसत्त्व असते, असे आम्ही म्हणालो. वरुडच्या माणसाला ते कसे पटावे? पण बोंडू एक-दोन दिवसांतच नासतो. गोव्यात त्याची फेणी करतात. इकडे झाडाखाली ढीग कुजतात, ते पाहून आम्हाला हळहळ वाटते.

निघताना स्नेह्यांनी शंभर गरांच्या वाट्याचा भाव विचारला. ऐकून म्हणाले, "आजी, जरा कमी करा ना."

म्हातारी काही बोलली नाही. तिने दोन्ही हात पुढे केले. बोटांची टोके काळी पडली होती. कातडी सोलून निघाली होती.

"राख लावन् सोलतंय," ती म्हणाली, "तरी असा होता."

स्नेह्यांनी दोन वाटे घेतले. पैसे मुकाट्याने दिले. मोटारीत बसल्यावर ते एका वाट्यातले गर मोजू लागले. शंभर भरले. वर चार निघाले.