पहिलं मत आणि हातातला फोन
(गणेशोत्सवात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आज समोर आजी-आजोबांच्या शेजारी अशीही मुलं बसली आहेत, ज्यांचं नाव मतदार यादीत नुकतंच आलं आहे किंवा लवकरच येईल. मताचं वय एकवीसवरून अठरा झालं ते एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने, १९८९ मध्ये. अठराव्या वर्षी राजकारणाबद्दलचं मत बनतं कशातून, एवढाच आजचा विषय.

आपल्या घरांत पूर्वी एक हिंदी दैनिक यायचं. काही घरांत टपालाने एखादं मराठी मासिकही यायचं. पेपर एकच असल्याने तो सगळ्यांच्या हातांतून फिरायचा. आजोबा अग्रलेखावर चिडायचे, बाबा त्याची बाजू घ्यायचे, मुलं ऐकायची. वाद व्हायचा, कारण मजकूर दोघांनी वाचलेला असायचा. आज चार माणसांचे चार फोन आहेत. ज्या व्हिडिओवर बोट थांबतं, त्याच चालीचे आणखी दहा फोन स्वतःहून आणून देतो. एकाच घरात चार वेगवेगळ्या निवडणुका चालू असतात, आणि जेवताना एकमेकांची माहिती ऐकून आपण फक्त थक्क होतो.

दुसरी गोष्ट नावाची. आपल्या भोपाळमध्ये माधवराव सप्रे स्मृती समाचारपत्र संग्रहालय आहे, १९८४ मध्ये स्थापन झालेलं. सप्रे आपलेच, मराठी घरातले. १८७१ मध्ये दमोह जिल्ह्यातल्या पथरियाला जन्मले, टिळकांचं ‘गीतारहस्य’ आणि समर्थांचा ‘दासबोध’ त्यांनी हिंदीत नेला, आणि १९०७ मध्ये नागपुरातून ‘हिंदी केसरी’ काढला. १९०८ मध्ये ‘केसरी’तल्या लेखांसाठी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. त्याच वर्षी सप्रेंनाही अटक झाली. लिहिलेल्या शब्दाला धनी होता, म्हणून सरकारला दार ठोठावता आलं. १८६७ च्या कायद्याने छापील मजकुरावर मुद्रकाचं नाव आणि छपाईचं ठिकाण द्यावं लागायचं. तो कायदा इंग्रजांनी आपल्या सोयीसाठी केला हे खरं, पण वाचकालाही त्यातून कळायचं की हे कोण सांगतंय. आता कुटुंबाच्या ग्रुपवर सकाळी जो संदेश येतो, त्याचा धनी कोण? आपण म्हणतो, ‘काकांनी पाठवला.’ काकांना कोणी पाठवला, हे काकांनाही ठाऊक नसतं. मुलांचा मात्र काकांवर विश्वास असतो. म्हणून नुसती तरुणांना नावं ठेवून भागणार नाही. पुढे ढकलणाऱ्यांत आपण वडीलधारेच पुष्कळ आहोत.

बिननावाच्या शब्दाने काय होतं, ते महाराष्ट्राने पाहिलं आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारलं. अफवा मोबाइलवरून फिरत होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवता येईल अशी मर्यादा जाहीर केली. मत देण्यात कोणाचा जीव जात नाही, पण ऐकीव गोष्टीवर माणूस किती लवकर विश्वास ठेवतो, हे दोन्हीकडे सारखंच.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. पडद्यावर जे येतं त्याने मत बनतं, तसंच जे कधीच येत नाही त्यानेही बनतं. भोपाळ नगर निगमच्या आधीच्या परिषदेची मुदत २०२० मध्ये संपली. पुढची निवडणूक झाली जुलै २०२२ मध्ये. मधल्या काळात या राजधानीच्या शहराला निवडून आलेला महापौर नव्हता, पार्षद नव्हते. ही काय लहान गोष्ट? पण दिल्लीच्या स्टुडिओत त्यावर भांडणारं कोणी नव्हतं, म्हणून ती आपल्या मुलांपर्यंत पोहोचलीच नाही. दूरच्या राज्यातला नेता काल काय म्हणाला, हे त्यांना तोंडपाठ असतं. आपल्या वार्डाचा पार्षद कोण, हे विचारा. नळाचं पाणी, कचरागाडी, रस्त्यावरचे दिवे यांचं राजकारण त्यांना राजकारण वाटतच नाही. वार्डाची निवडणूक काहीशे मतांनी फिरू शकते. जिथे एका मताचं वजन जास्त, तिथेच आपलं लक्ष कमी!

मग करायचं काय? फोन काढून घेऊन काही होत नाही. मुलांनो, तीन सवयी लावून घ्या. संदेश आला की आधी विचारा, हे कोण सांगतंय? नाव नसेल तर पुढे पाठवू नका. विधानसभा-लोकसभेच्या उमेदवाराचं शपथपत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर असतं. त्यावरचे गुन्हे, त्याची मालमत्ता आणि शिक्षण त्यात त्याने स्वतः लिहिलेलं असतं. कोणाच्या भाषणाआधी ते वाचा. आणि तुमच्या मताच्या विरुद्ध लिहिणारं एक तरी वर्तमानपत्र वाचत जा.

आणि वडीलधाऱ्यांनो, मुलगी वेगळ्या पक्षाला मत देणार म्हणाली, तर ‘तुला काय कळतं’ म्हणू नका. ‘तुला असं का वाटतं?’ असं विचारा, आणि उत्तर पूर्ण ऐका. घरात तिचं ऐकलं गेलं नाही, तर ऐकणारा फोन तिच्या हातात आहेच.

बाप्पाला आपण बुद्धीची देवता म्हणतो. ती बुद्धी मतदान केंद्रातही सोबत असू द्या.