थंडीत वेलभाज्यांची रोपे : बी घरात उगवा, रोप उन्हात वाढवा



उन्हाळी कलिंगड, खरबूज, काकडी, दोडका, कारले ही पिके बाजारात लवकर आली की चार पैसे जास्त मिळतात. म्हणून आपण पौष महिन्यातच बी टोकतो. पण जमीन गार असते. या वेलींच्या बियांना उगवायला २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमान लागते. जमीन १८ अंशांच्या खाली गेली की बी नुसते पडून राहते आणि ओलाव्याने कुजते. संकरित बियाण्याचे पाकीट हल्ली किती महाग झाले आहे, हे तुम्हाला सांगायला नको.

ऊब खरी लागते ती उगवणीच्या आठवड्यात. तेवढी घरात देता येते.

कलिंगड, खरबूज, काकडीचे बी कोमट पाण्यात चार-सहा तास भिजवावे. कारल्याचे आणि दोडक्याचे कवच जाड, त्याला पुरता एक दिवस द्यावा. कारल्याचे टोक नेलकटरने हलकेच कातरले तर आणखी बरे. मग बी ओल्या फडक्यात बांधून, वर गोणपाट गुंडाळून, चुलीजवळ हाताला चटका बसणार नाही अशा जागी किंवा धान्याच्या कोठीत ठेवावे. फडके ओलसर हवे, निथळणारे नको. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधू नका, बियालाही हवा लागते. कलिंगड-काकडीला तीन-चार दिवसांत मोड दिसतात, कारल्याला आठवडा लागू शकतो. मोड पाव इंचाचा झाला की लावायचे. लांबला की मोडतो.

पिशव्या ४ बाय ६ इंचांच्या, तळाला भोके पाडलेल्या घ्याव्यात. पोयटा माती, चांगले कुजलेले शेणखत आणि थोडी वाळू मिसळून भराव्यात. किलोभर बियाण्याला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळावे. बी अर्धा इंच खोल लावावे. चार फूट रुंद, पंचवीस फूट लांब वाफ्यात दीड ते दोन हजार पिशव्या सहज बसतात.

आता मुख्य गोष्ट. कोंब वर आला की रोप घरात ठेवायचे नाही. लाडाने ओटीवर ठेवलेले रोप उजेडाकडे लांबत जाते, मान टाकते. पिशव्या उन्हाच्या जागी, उत्तरेकडून आडोसा असेल तिथे मांडा. वर बांबूच्या कामट्यांची कमान करून प्लॅस्टिक टाका. पानांना ते टेकू देऊ नका. दुपारी चार-साडेचारला, ऊन असतानाच झाका, म्हणजे दिवसाची ऊब आत राहते. सकाळी नऊच्या सुमारास उघडा. भर उन्हात झाकून राहिले तर रोपे उकडून निघतील. आणखी एक, नुसते पातळ प्लॅस्टिक रात्री फार ऊब धरत नाही. निफाडकडे थंडीच्या लाटेत पारा पाच अंशांच्या खाली उतरतो. अशा निरभ्र, वारा पडलेल्या रात्री प्लॅस्टिकवर गोणपाट किंवा जुनी लुगडी पसरावीत.

पाणी सकाळीच द्यावे. विहिरीचे ताजे पाणी थंडीत कोमट असते, तेच घाला. रात्रभर टाकीत गारठलेले नको. संध्याकाळी पाणी घालून वर झाकले की रोपमर आलीच म्हणून समजा. बुंध्याशी रोप मऊ पडून कोलमडते. तशी पिशवी लगेच बाहेर काढा, बाकीच्यांचे पाणी तोडा आणि हवा खेळू द्या. तांबडे भुंगेरे दिसले तर भल्या सकाळी वेचावेत, गारठ्याने ते सुस्त असतात, चटकन हाती लागतात.

तीन ते साडेतीन आठवड्यांत रोपाला दोन-चार खरी पाने येतात. लावणीच्या आधी चार-पाच दिवस रात्रीचे झाकण काढा, पाणीही बेताने द्या. मात्र थंडीची लाट असेल तर थांबा. आळे आधी भिजवून ठेवा आणि उन्हे कलल्यावर लावणी करा. पिशवी ब्लेडने चिरून काढावी, मातीचा गोळा फुटू देऊ नये. या वेलींची मुळे एकदा तुटली की रोप आठ-दहा दिवस जागचे हलत नाही, आणि लवकर लावल्याचा फायदा तिथेच जातो.