हरिहरेश्वरची प्रदक्षिणा

सुट्टी लागली की कल्याण-डोंबिवलीची कुटुंबं कोकणाची वाट धरतात. दिव्याहून सुटणारी सावंतवाडीची गाडी माणगावला थांबते. तिथून म्हसळामार्गे हरिहरेश्वर गाठता येतं. मनात असतो वाळूचा किनारा, उकडीचे मोदक आणि दुपारची झोप. पण हरिहरेश्वरच्या देवळामागे जो किनारा आहे, तिथे वाळू नाहीच. आहे तो नुसता कातळ, आणि त्यावर पोचायला आधी टेकडी चढून मग पलीकडे उतरावं लागतं.

रायगड जिल्ह्यातल्या श्रीवर्धन तालुक्यातलं हे ठिकाण म्हणजे पेशव्यांचं कुलदैवत. इथला रिवाज असा, की आधी काळभैरवाचं दर्शन, मग हरिहरेश्वराचं आणि पुन्हा काळभैरवाचं. त्यानंतर प्रदक्षिणा. इतर देवळांत ती दोन मिनिटांत उरकते. इथे मात्र देवळाबरोबर अख्ख्या टेकडीला फेरी घालायची असते.

पायऱ्यांवर आजी-आजोबा मध्येमध्ये टेकतात, मुलं पुढे पळतात. उतार लागला की दोन कड्यांमधल्या अरुंद घळीतून खाली जायचं, एकामागे एक. घळ संपते तिथे समोर एकदम समुद्र उभा! पायाखाली लाटांनी कापून काढलेला कातळाचा ओटा आणि बाजूच्या कड्यावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखे असंख्य खळगे.

हे खळगे कोरले कोणी? मिठाने. लाटांचे तुषार दगडाच्या बारीक छिद्रांत शिरतात, ऊन त्यांना वाळवतं, मिठाचे स्फटिक फुगतात आणि दगडाचे कण सुटे होतात. एकदा खळगा पडला की त्यात ओल टिकते, म्हणून तो आणखी खोल होत जातो. तैवानमधल्या येलिऊच्या किनाऱ्यावर अशीच नक्षी वालुकाश्मात दिसते. इथला दगड मात्र सह्याद्री ज्या लाव्हापासून घडला त्याच जातीचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. भाविकांसाठी याच वाटेवर गायत्री तीर्थ, पांडव तीर्थ अशी तीर्थं आहेत.

या वाटेवर चढण्याचा दम फारसा लागत नाही. खरा कस लागतो तो वेळ साधण्यात. भरतीला हा ओटा पाण्याखाली जातो आणि प्रदक्षिणा अडते. म्हणून कोकणातला जुना हिशेब घरच्या थोरल्यांनी मुलांना जरूर शिकवावा: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. षष्ठी असेल तर साडेचारला भरती, म्हणजे पावणेअकराच्या सुमारास ओहोटी. सकाळी निघायला उत्तम. पौर्णिमेला किंवा अमावास्येला भरती सव्वाअकराच्या आसपास, तीही उधाणाची. त्या दिवशी न्याहारी करून निघालेल्यांना पाणी आडवं येतं. हिशेब अंदाजाचाच, तेव्हा निघण्यापूर्वी गावात विचारून घ्यावं.

कल्याणकरांना हे गणित परकं वाटायचं कारण नाही. दुर्गाडी किल्ल्याखालच्या खाडीतही भरतीचं पाणी चढतं. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी हाती आल्यावर शिवाजी महाराजांनी याच खाडीत आरमाराची जहाजं बांधायला घेतली, आणि तिथल्या तांडेलांना ही वेळ तोंडपाठ असणारच.

ओहोटी असली तरी ओल्या शेवाळावर पाय घसरतो आणि दगडाला चिकटलेली कालवं तळवा कापतात. रबरी तळाची चप्पल घालावी, मुलांचा हात सोडू नये, फोटोसाठी कडेला जाऊ नये. शांत दिसणाऱ्या समुद्रातून अचानक मोठी लाट येते, आणि इथे माणसं वाहून गेलेली आहेत. पावसाळ्यात तर या वाटेचं नावच काढू नये. गुडघे दुखणाऱ्यांनी देवळापाशीच थांबावं. दर्शन तेवढ्यानेही होतं.

फेरी पूर्ण करून देवळाकडे परतल्यावर मुलांना हवी ती वाळू मिळते. आणि अंगात उत्साह उरला असेल, तर जवळच्या बागमांडल्याहून वेसवीला फेरीबोट जाते, गाडीसकट. मध्ये सावित्रीची खाडी, पलीकडे बाणकोटचा किल्ला.