आधी पोच, मग पुढची खिडकी



कामगार चळवळीतल्या माणसाने संगणकावर बोलावे, हे कित्येकांना विचित्र वाटेल. आमचे शाळेतले शिक्षण सातवीत थांबले. पुढचे सारे संघाच्या कचेरीत आणि उसाच्या फडावर झाले. परंतु आज मजुराचा हक्क ज्या वाटेने जातो, ती वाट न जाणता त्याची बाजू मांडता येत नाही.

दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या बीड जिल्ह्यातून नवराबायकोचा एकेक कोयता पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतो. २६ ऑगस्ट २०२१ रोजी ई-श्रम नोंदणी सुरू झाली आणि असंघटित कामगाराची ओळख १२ आकडी क्रमांकात आली. अर्जही आता पडद्यावरच भरावयाचे. एका हंगामाच्या तोंडावर आमच्या एका भगिनीने एका कार्यालयाकडे मदतीचा अर्ज तीन वेळा भरला. तिन्ही वेळा बटण दाबताच 'चूक झाली' असे पान आले आणि मागे अर्ज कोरा! दुसऱ्या दिवशी टोळीची गाडी सुटली. बाई गेली, अर्ज राहिला. "बाईंचेच काही चुकले असेल," असे उत्तर मिळाले. हे वाक्य आम्ही खिडक्याखिडक्यांवर उभी हयात ऐकत आलो आहोत, म्हणून खोलात शिरलो.

सर्व्हर म्हणजे एक कचेरी समजा. कचेरी तुम्हांला दोन रीतींनी दुसरीकडे पाठविते. एक, 'तीन नंबरच्या खिडकीवर जा' असे सांगून तुम्हांलाच चालविते. सर्व्हरचा ३०२ क्रमांकाचा निरोप तो हाच. दुसरी, कारकूनच तुमचे काम घेऊन आतल्या दाराने दुसऱ्या मेजाकडे जातो. तुम्ही जागचे हलत नाही, पत्ताही तोच दिसतो. यास अंतर्गत पुनर्निर्देशन म्हणतात. पायपीट वाचते, हे खरे. पण कारकून आत जाताना बरोबर काय नेतो?

२००४ साली लोकांपुढे आलेला इंजिन-एक्स हा सर्व्हर पाहा. त्यावर उभारलेल्या ओपनरेस्टीत पहिल्या मेजावरची टिपणवही अशा फेरीत पुसली जाते. चिठ्ठीवर, म्हणजे सर्व्हरच्या चलात, लिहिलेले मात्र पुढे जाते. अपाचीत चिठ्ठीच्या नावाआधी 'रिडायरेक्ट' शब्द चिकटतो. पुढचा माणूस जुन्या नावाने शोधील तर हात रिकामे! एक काम आत दहा वेळांहून अधिक फिरू लागले, तर इंजिन-एक्स ५०० क्रमांकाची चूक दाखवून थांबतो. आमच्या फायलींना असा नियम कुणी लावील काय?

आतल्या दाराचा चांगला उपयोगही आहे. मजुराचा खासगी कागद द्यावयाचा असेल, तर कार्यक्रम त्याचा हक्क तपासतो आणि कागद कुठे आहे एवढेच सर्व्हरला सांगतो. ती जागा 'अंतर्गत' ठरविलेली असली, की बाहेरून परस्पर येणाऱ्यास ४०४, म्हणजे 'सापडत नाही', एवढेच उत्तर मिळते.

आता त्या भगिनीचा अर्ज. कार्यालयातल्या एका तरुण तंत्रज्ञाने आम्हांस नोंद उघडून दाखविली. आत एक किरकोळ चूक होई आणि काम चुकीच्या पानाकडे वळे. इंजिन-एक्स अशा वेळी 'पाठविणे' ही रीत बदलून 'मागणे' करतो. पुढचे पान भरलेली माहिती वाचायला जातच नव्हते; त्याच्या लेखी बाई काही मागायला आली होती, द्यायला नव्हे. बाईची चूक नव्हती.

उपाय साधा होता. नाव दिलेल्या आतल्या जागेकडे वळविले, तर रीत बदलत नाही. त्याहून चांगले म्हणजे अर्ज येताच तो दप्तरी नोंदवावा आणि पुढे केवळ त्याचा क्रमांक चिठ्ठीवर पाठवावा. मग वाटेत काहीही बिघडो, कागद जागेवर राहतो आणि क्रमांक बाईच्या हाती पडतो.

बंधुभगिनींनो, ही मागणी नवी नाही. हातात पावती असल्याशिवाय अंगठा देऊ नये, हे आम्ही फडावर सांगत आलो. यंत्राकडेही तेच मागावयाचे: आधी पोच, मग पुढची खिडकी. आतले दार कितीही असोत. त्या दारांआड माणूस हरवता कामा नये.