पोरके मूल, प्रतिपालक कुटुंब आणि शिक्षक

(पन्हाळा येथे भरलेल्या मुख्याध्यापक व शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेत पटनोंदणी, वाचन आणि गणित हे आपले नेहमीचे विषय आहेत. त्यांत एका निराळ्या विषयाची भर घालण्याची मी आपणांकडे अनुज्ञा मागतो. ज्या मुलाला घरच उरलेले नाही, त्याला घर मिळवून देण्याचा हा विषय आहे. तो आपला नव्हे, असे प्रथमदर्शनी वाटेल. परंतु तो आपला कसा आहे, हे मी माझ्याच एका चुकीवरून सांगतो.

सुमारे तीस वर्षांपूर्वी मी या तालुक्याच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागात एका वाडीवर शिक्षक होतो. तिसरीच्या वर्गात एक हुशार मुलगा होता. त्याची आई बाळंतपणात वारली. वडील कामधंद्यासाठी मुंबईस गेले, ते परतले नाहीत. दूरच्या एका नातलगाने मुलाला 'सांभाळायला' नेले आणि पुढे तो शाळेत येईनासा झाला. मी दोनदा निरोप धाडला, हजेरीपटावर 'सतत गैरहजर' असा शेरा लिहिला आणि यथावकाश नाव कमी केले. त्याच वाडीत मूलबाळ नसलेले एक सुस्वभावी जोडपे राहत होते. त्या घरातील बाई या मुलाला दुपारची भाकरी देत असे. पुष्कळ वर्षांनी ती मला म्हणाली, "गुरुजी, तवा तुमी एक शब्द टाकला असता, तर पोराला आमी घरात घेतलं असतं. पर आपण हून कसं म्हणायचं? दत्तक घेत्यात म्हणून भावकी उठली असती." तो मुलगा तोवर एका गुऱ्हाळावर कामाला लागला होता आणि तेथून कोठे गेला, हे कोणासही ठाऊक नव्हते. माझे दप्तर चोख होते. मूल मात्र हातचे गेले.

बंधुभगिनींनो, परक्याचे मूल आपले म्हणून वाढविणे ही गोष्ट आपणांस नवीन नाही. छत्रपती शिवाजीमहाराजांचे निधन झाले तेव्हा, म्हणजे 1680 साली, संभाजीराजे याच पन्हाळगडावर होते. त्या राजपुत्राला तान्हेपणी कापूरहोळच्या धाराऊने दूध पाजले आणि 'दूधआई' हा शब्द तिने सार्थ केला. महात्मा फुले व सावित्रीबाई यांनी काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा यशवंत आपल्या घरात वाढविला. गरीब विद्यार्थ्याला आठवड्यातील एकेक वार एकेका घरी जेवू घालण्याची रीत तर आपल्या आजोबा-पणजोबांनी पाहिलेली होती. याच जिल्ह्यात कुंभोज येथे जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी वसतिगृहातील मुलांच्या अन्नासाठी आपले मंगळसूत्रही मोडले. 'माय मरो पण मावशी जगो' ही म्हण ज्या समाजाने घडविली, त्याला या विषयाचे मर्म समजावून सांगावयास नको.

मग अडते कोठे? आपण दत्तक आणि प्रतिपालन यांत घोटाळा करतो, तेथे अडते. राजर्षी शाहूमहाराज हे मूळचे कागलकर घाटग्यांचे यशवंतराव. 17 मार्च 1884 रोजी ते दत्तक गेले आणि नाव, घराणे, वारसा हे सर्व बदलले. दत्तकविधान कायमचे असते. प्रतिपालनात असे काहीही होत नाही. मुलाचे नाव तेच राहते, त्याच्या आईबापांशी असलेले नाते तुटत नाही, आणि प्रतिपालकाच्या जमीनजुमल्यावर त्याचा हक्क निर्माण होत नाही. आई आजारी आहे, वडील तुरुंगात आहेत किंवा सांभाळण्यास असमर्थ आहेत, अशा काळापुरते अथवा गरजेप्रमाणे अधिक काळ मुलाने दुसऱ्या कुटुंबात राहावे, एवढाच याचा अर्थ होय. त्या बाईच्या मनातील भावकीचे भय दोन वाक्यांत दूर होण्याजोगे होते. ती दोन वाक्ये सांगणारा कोणी नव्हता.

बाल न्याय अधिनियम, 2015 च्या 44 व्या कलमात ही व्यवस्था सांगितलेली आहे. मूल कोणत्या कुटुंबात ठेवावे, हे जिल्ह्याची बालकल्याण समिती ठरविते. भावंडांची शक्यतो ताटातूट करू नये, मुलाचे शिक्षण, आरोग्य व आहार यांची जबाबदारी त्या कुटुंबाने घ्यावी, आणि समितीने दरमहा पाहणी करावी, असे कायदा सांगतो. मुलाचे हित बिघडत नसेल, तर जन्मदात्यांना त्याची भेट घेता येते. ते पुन्हा समर्थ झाले, म्हणजे मूल त्यांच्याकडे परतते. संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय मानावा, हेही याच कायद्याचे तत्त्व आहे. केंद्र शासनाच्या 2024 च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनी अविवाहित, विधवा, विधुर आणि घटस्फोटित व्यक्तींनाही प्रतिपालक होण्याची वाट मोकळी केली. मात्र एकट्या पुरुषाकडे मुलगाच सोपविता येतो.

आर्थिक साहाय्याचेही दोन मार्ग आहेत व त्यांची गल्लत होऊ नये. मूल विधवा आईकडे किंवा आजी-आजोबांकडेच राहू शकत असेल, पण केवळ दारिद्र्यामुळे घर मोडण्याची वेळ आली असेल, तर राज्य शासनाची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. तीत 2023 च्या शासन निर्णयानुसार दरमहा 2250 रुपये मिळतात. मूल परक्या कुटुंबात ठेवावे लागले, तर 2022 च्या मिशन वात्सल्य सूचनांत दरमहा 4000 रुपयांची तरतूद केलेली आहे. घर टिकविता येत असेल तर आधी ते टिकवावे, आणि ते उरलेच नसेल तर दुसरे शोधावे, हा क्रम आहे.

तथापि पैशाने सर्व भागत नाही. कोरोनाने आईवडील दोन्ही हिरावलेल्या मुलांच्या नावे पाच लाखांची मुदत ठेव ठेवण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये घेतला, हे योग्यच झाले. परंतु रात्री तापाने फणफणलेल्या मुलाच्या उशाशी ठेव बसत नाही. तेथे माणूस लागते. संस्थांतून काम करणारी माणसे मनापासून झटतात. तरीही पुष्कळ मुलांत एक काळजीवाहक, ही तेथील स्थिती असते. घरात पाहुणा आला म्हणजे काय करावे, महिनाअखेर खर्च कसा ओढावा, भांडण झाले तर ते कसे मिटवावे, हे मूल घरातच शिकते. अठरा वर्षे पूर्ण होऊन संस्थेबाहेर पडताना ही शिदोरी नसेल, तर ते मूल दुसऱ्यांदा पोरके होते. कायदा आहे, योजना आहे. पुढे येणारी कुटुंबे मात्र फार थोडी आहेत.

येथे एक सावधगिरी सांगणे मला अवश्य वाटते. 'सांभाळायला ठेवले' या शब्दांआड पुष्कळदा गुरे राखणे, धुणीभांडी आणि लहान मुले खेळविणे दडलेले असते. मूल कोणाच्या पंक्तीला जेवते, कोठे झोपते, घरच्या मुलाइतके दिवस शाळेत येते काय, आणि त्याला वह्या कोण घेऊन देतो, एवढे चार प्रश्न विचारले, म्हणजे घर आणि वेठ यांतील फरक कळून येतो. म्हणूनच समितीच्या आदेशावाचून मूल परस्पर कोणाच्या हवाली करू नये; आपणही मध्यस्थी करून तसे करू नये.

आता आपले कर्तव्य. कोणत्या मुलाचे घर मोडले, हे गावात शिक्षकास लवकर कळते. आणि कोणत्या घरात जागा व जीव लावणारे माणूस आहे, हेही त्यास ठाऊक असते. या दोन टोकांना ओळखणारा दुसरा शासकीय सेवक विरळा. सबब माझी आपणांस तीन कामांची विनंती आहे. आई किंवा वडील नसलेल्या आणि नातलगांकडे राहणाऱ्या मुलांची यादी प्रत्येक शाळेने करावी. ती गाजावाजा न करता मुख्याध्यापकांपाशी ठेवावी, कारण पोरकेपण ही वर्गात पुकारण्याची गोष्ट नव्हे. असे मूल सलग गैरहजर राहिले, तर निरोपावर न थांबता शिक्षकाने स्वतः जाऊन यावे. गरज दिसताच 1098 या क्रमांकावर अथवा जिल्हा बाल संरक्षण कक्षास कळवावे. आणि पालकसभेत किंवा ग्रामसभेत दत्तक व प्रतिपालन यांतील भेद सोप्या भाषेत सांगावा. घर देऊ इच्छिणारे कुटुंब कदाचित मागच्या रांगेत गप्प बसलेले असेल.

माझ्या त्या विद्यार्थ्याचे नाव मी माझ्या हाताने कमी केले. ते पुन्हा लिहिण्याची संधी मला मिळाली नाही. आपल्या हजेरीपटावर लाल शाईचा शेरा लिहिण्यापूर्वी आपण क्षणभर थांबावे आणि त्या नावामागे आज घर आहे किंवा नाही, एवढे विचारावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.