पामायिल लावण्याआधी

(इलाखा बैठकीतलं बोलणं. मोबाईलवर रेकॉर्ड केलं होतं, ते ऐकून उतरवलं आहे.)



गावपाटील, भूमिया, गायता, सगळे सयाने लोक आणि बायांनो, मला पामायिलवर बोल म्हणून सांगितलं आहे. मी काही शेतीचा तज्ज्ञ नाही, बारावीपर्यंत शिकलो. पण आपल्या चार जणांना ग्रामसभांनी नदीपलीकडं पाठवलं होतं, दम्मापेठ आणि अश्वारावपेठकडं. जे पाहिलं आणि नंतर जे वाचलं, ते सांगतो.

आधी हे सांगतो की माझ्याच घरात हा प्रश्न आला आहे. बाबा म्हणतात, २ एकर वनपट्ट्यावर पामायिल लावू. पलीकडच्या आपल्या सग्यांनी लावलं, त्यांचं पक्कं घर झालं, ट्रॅक्टर आला. खोटं नाही ते, मी पाहून आलो. म्हणून मी इथं "पामायिल मुर्दाबाद" अशी घोषणा देऊन खाली बसणार नाही. आधी माझ्या मनात तेच होतं. पण ज्याच्या घरात तीन रात्री यावरून भांडण झालं, त्याला घोषणा पुरत नाही.

हे झाड मूळ आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याचं. आपल्याला तेल माहीत आहे, झाड माहीत नाही. २०२२ च्या दिवाळीला शंभर रुपयांत आनंदाचा शिधा मिळाला, त्यात एक लिटरची पिशवी होती ना, तेच पामतेल. ते बहुतेक इंडोनेशिया-मलेशियातून येते. तिथं या पिकासाठी किती जंगल गेलं ते जगाला माहीत आहे. २०१५ साली तिथल्या जंगलांना आणि दलदलीच्या जमिनींना आगी लागल्या, धूर शेजारच्या देशांत गेला. तिथले आदिवासी आपल्यासारखेच, जमिनीचा कागद नव्हता म्हणून हाकलले गेले.

आता सरकार म्हणते तेल बाहेरून आणायचं नाही, इथंच पिकवायचं. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रानं त्यासाठी ११,०४० कोटींची योजना मंजूर केली, १० लाख हेक्टरचं उद्दिष्ट ठेवलं. रोपांची मदत हेक्टरी १२ हजार होती, ती २९ हजार केली. तेलंगणानं तर २० लाख एकर लावू असं ठरवलं. तिथं रोपवाटिका झाल्या, दलाल तयार झाले, आणि नदी ओलांडायला किती वेळ लागते?

आता पाण्याचं बोलतो. यावर जास्त वेळ घेणार आहे, कारण फसगत इथंच होते.

पामायिल ९ मीटरवर तिरपं लावतात. एकरात ५७ झाडं बसतात. मोठ्या झाडाला दिवसाला दीडशे-दोनशे लिटर पाणी लागते, उन्हाळ्यात तीनशेपर्यंत. दोनशे धरा. ५७ गुणिले २००, म्हणजे एका एकराला दिवसाला ११,४०० लिटर. पाच हजारांचे दोन टँकर रिकामे करून वर उरते. एप्रिल-मेमध्ये तीनशे धरलं तर १७ हजारांच्या वर जाते. बाबांच्या २ एकराला याच्या दुप्पट.

दलाल म्हणतो, धानाला यापेक्षा जास्त पाणी लागते, एका एकर धानाच्या पाण्यात पामायिल तीन-चार एकर होते. वर्षाचा हिशोब केला तर ते अगदी खोटं नाही. पण आपण धान कधी करतो? पावसात. बांधीत जे पाणी साचते ते देवाचं पाणी आहे, मोटारीचं नाही. पामायिलला पाणी लागते मे महिन्यात, तेव्हा बोडी आटते आणि बाया हापशावर रांग लावतात. पाऊस आपल्याकडं कमी नाही, पण चार महिन्यांत पडून जाते. बाकी आठ महिने झाड बोअरवर जगते. आणि पाणी दिलं नाही तर झाड मरत नाही, नुसतं उभं राहते, फळ देत नाही. नर फुलं जास्त येतात, मादी कमी. मग तुम्ही पंचवीस वर्षं सावली पिकवा.

दम्मापेठकडं एक कोया शेतकरी भेटला, चांगला माणूस, आम्हाला जेवू घातलं. त्याच्या वाडीत घड लोंबकळत होते (तिकडं घडाला गेला म्हणतात). मी विचारलं, मामा, बोअर किती खोल? तो हसला, म्हणाला कोणता बोअर, पहिला की तिसरा?

म्हणून ज्याला लावायचंच आहे त्यानं आधी स्वतःच्या विहिरीचं मे महिन्यातलं पाणी मोजावं. मोटार लावून पाहा, किती वेळ चालते, पुन्हा भरायला किती वेळ लागते. ठिबक असल्याशिवाय लावू नका. आणि गावाच्या हापशाजवळ, झऱ्याच्या वरच्या अंगाला बोअर मारायचा की नाही, हे एकट्या शेतकऱ्यानं ठरवायचं काम नाही. ते ग्रामसभेनं ठरवायचं.

आता पैशाचं. तीन-चार वर्षं काही मिळत नाही. अडीच-तीन वर्षांपर्यंत जी फुलं येतात ती तोडूनच टाकावी लागतात, झाड मजबूत व्हावं म्हणून. त्यानंतर पाणी-खत नीट असेल तर एकरी आठ-दहा टन घड येतात. आठ टन धरा. मे २०२२ मध्ये तेलंगणात टनाला २२ हजारांच्या वर भाव होता, त्याच वर्षाच्या शेवटी १३ हजारांच्या आसपास आला. २०२५ च्या सुरुवातीला पुन्हा २० हजारांच्या वर गेला. म्हणजे तेच आठ टन, कधी १ लाख ४ हजार, कधी १ लाख ६० हजार. त्यातून खत, मजुरी, गाडीभाडं, वीज काढा.

भाव असा काहून हलते? २०२२ च्या एप्रिल-मेमध्ये इंडोनेशियानं तेल बाहेर पाठवणं बंद केलं, भाव चढला. बंदी उठली, भाव पडला. सप्टेंबर २०२४ मध्ये दिल्लीनं आयातीवरचा कर वाढवला, इथं भाव चढला. मे २०२५ च्या शेवटी कच्च्या तेलावरचा मूळ कर २० टक्क्यांचा १० केला. घड आपण कापतो आणि भाव ठरते जकार्तात नाही तर दिल्लीत. तेंदूत आपण काय केलं ते आठवा. ग्रामसभांनी एकत्र येऊन लिलाव लावला, ठेकेदार पटला नाही तर दुसरा आणला. पान वाळवून ठेवता येते म्हणून ते जमलं. पामायिलचा घड ठेवता येत नाही. कापला की चोवीस तासांत, फार तर दुसऱ्या दिवशी, कारखान्यात पोचला पाहिजे, नाही तर तेल आंबट होते आणि उतारा कमी येते. शंभर किलो घडात तेल निघते अठरा-एकोणीस किलो. घरच्या घाणीवर हे काम होत नाही.

आणि कारखानाही एकच. १९९३ च्या आंध्रच्या कायद्यानं, तोच तेलंगणात चालते, प्रत्येक कारखान्याला हद्द वाटून दिली आहे. हद्दीतला माल कारखान्यानं घेतलाच पाहिजे, ही चांगली गोष्ट. पण शेतकऱ्यानंही त्यालाच दिला पाहिजे. मिझोराममध्ये २००४-०५ पासून डोंगरात पामायिल लावलं, गिरणी एकच, रस्ते खराब. पुष्कळांचा माल गाडीची वाट पाहात सडला आणि लोकांनी वाड्या सोडून दिल्या. आता आपण आपलं पाहू. पावसाळ्यात सिरोंचा-आलापल्ली रस्ता कसा असते ते मी इथं कोणाला सांगायला नको. कारखाना नदीपलीकडं, दुसऱ्या राज्यात. आपला माल घ्यायला तो कायद्यानं बांधलेला आहे का? हा प्रश्न मी तीन दलालांना विचारला. तिघांनी चहा मागवला.

आता, हे सगळं ऐकूनही कोणी लावेल. ज्याच्याकडं पाणी आहे, रस्त्याला लागून जमीन आहे, त्याला मी अडवणार नाही. पण कशी लावायची ते ऐका.

जंगल तोडून नाही. गोठाण, निस्ताराची जागा, सामूहिक वनहक्काचं जंगल, यात एक रोपही नाही. कलम ५ नं जंगल राखायचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे, तो अशाच वेळेसाठी आहे. धानाच्या बांधीतही नको, साचलेलं पाणी या झाडाला चालत नाही आणि घरचा तांदूळ गेला की आपण रेशनच्या भरवशावर राहू. धुऱ्यावरचा मोहा, चार, तेंदू कापायचा नाही. पलीकडं धुरे साफ केलेले पाहिले, ओळीत नुसतं पामायिल, पक्ष्याचा आवाज नाही. एका म्हातारीनं सांगितलं की पावसाळ्यात शेतात निघणाऱ्या भाज्या आता निघत नाहीत, तणनाशक मारतात म्हणून. आपल्या बायांनी ही गोष्ट नीट ऐकून घ्यावी. कुड्याची, तरोट्याची भाजी तुम्हीच आणता ना?

पहिली तीन वर्षं दोन ओळींच्या मधात तूर, उडीद, हळद, भाजीपाला घ्या. जमीन झाकून राहते, तण कमी येते, घरात काही तरी येते. सावली झाल्यावर आंध्रात कोको लावतात, तो आपल्याकडं चालेल की नाही ते आधी थोडं लावून पाहावं. झाडाचं पान कापलं की जाळू नका, आळ्यात पसरा. ओल टिकते, कुजून खत होते. एक झाड वर्षाला वीसेक पानं देते, हे फुकटचं खत आहे आणि पलीकडं मी ते धुऱ्यावर जळताना पाहिलं. कारखान्यात घडातून फळ काढल्यावर रिकामा सांगाडा उरते, तो परत येणाऱ्या गाडीत भरून आणा. पालाश खूप असते त्यात, आणि या झाडाला पालाशच जास्त लागते.

एक छोटी गोष्ट, मला फार आवडली. पामायिलच्या फुलात एक बारीक सोंडकिडा राहते, तोच पराग नेऊन फळ धरवते. १९८५ मध्ये तो आपल्या देशात आणून सोडला, त्याच्याआधी माणसं हातानं पराग टाकत होती. आता कोणी पाहिलं की फुलात किडे वळवळून राह्यले आणि पंप घेऊन धावला, तर आपल्याच मजुराला मारल्यासारखं होईल.

रानडुकरं कोवळा गाभा खातात, उंदीर फळ खातात. कुंपणाचा खर्च दलालाच्या कागदावर नसते, तो तुम्ही धरा.

आता जमिनीचा कागद. वनहक्क कायदा २००६, कलम ४(४). पट्टा वारसाला जाते, पण विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावानं करता येत नाही. आणि तो नवरा-बायको दोघांच्या नावानं आहे. म्हणजे बाईला न विचारता करार झाला तर तो अर्ध्याच मालकाचा करार. माझ्या घरी बाबा बोलून राह्यले होते, टनाचा भाव, घर, ट्रॅक्टर. आई गप्प होती. मग तिनं एवढंच विचारलं, "झाडाखाली गळलेलं फळ वेचायचं कोणी? मीच ना? त्याचे पैसे कोणाच्या हातात येतील?" पलीकडं ते काम बायाच करतात. बाबांकडं उत्तर नव्हतं, माझ्याकडंही नव्हतं.

हे पीक पंचवीस-तीस वर्षांचं आहे. आज माझं वय पंचवीस. तीस वर्षांचा करार म्हणजे माझं म्हातारपण लिहून देणं. झाड उंच झालं की लांब काठीच्या विळ्यानं घड काढावे लागतात, शेवटी झाडं पाडून जमीन मोकळी करायचा खर्च आपलाच. आणि २०२५ च्या सप्टेंबरमध्ये महसूलमंत्री गडचिरोलीत येऊन म्हणून गेले की आदिवासींना आपली जमीन खाजगी लोकांना भाड्यानं देता येईल. हे दोन्ही एकत्र ठेवून पाहा. तीस वर्षांचं झाड, भाड्याची जमीन, आणि मालक आपल्याच शेतात मजूर. स्वतः लावणं वेगळं, लावायला जमीन देणं वेगळं. दुसऱ्याला माझा साफ विरोध आहे.

तेल पाहिजे तर आपल्याकडं टोरी आहे. मोह्याला कोणी ठिबक लावली नाही, आणि तो फुलही देते, टोरीही देते. थंडीत तेल थिजते, म्हणून पोरं नाक मुरडतात, पण आजीच्या हातची भाजी त्याच तेलाची होती. ढेप खताला जाते. धानात उतेरा म्हणून जवस टाकत होतो, लाखोळी टाकत होतो, तेही कमी झालं. आपण टोरी व्यापाऱ्याला स्वस्तात देतो आणि पामतेलाची पिशवी महाग घेतो. दोन-तीन ग्रामसभा मिळून एक तेलघाणी घेतली तर काय खर्च येते, याची चौकशी मी सुरू केली आहे. यातून ट्रॅक्टर येणार नाही, हे मी बाबांना सांगितलं आहे.

आमच्या घरी अजून पूर्ण ठरलं नाही. बाबा आता म्हणतात, विहिरीजवळ अर्धा एकर, बाकी तूर आणि धान. आई म्हणते आधी मे महिन्याचं पाणी पाहू. मी आईच्या बाजूनं आहे.

पुढच्या बैठकीला प्रत्येक ग्रामसभेनं तीन गोष्टी आणाव्या. आपल्या गावात कोणी रोपांसाठी नाव दिलं किंवा पैसे भरले असतील तर त्याची यादी. ज्या कागदावर सही किंवा अंगठा घेतला त्याची झेरॉक्स, तेलुगूत असेल तरी चालेल, वाचणारी दोन पोरं आहेत. आणि गावातल्या विहिरी-बोअरची नोंद. करार मराठीत पाहिजे, ग्रामसभेसमोर वाचला पाहिजे, त्यात किमान भाव आणि माल किती तासांत उचलणार ते लिहिलं पाहिजे, सामूहिक जंगलात एक रोप नको, असा ठरावाचा मसुदा त्या दिवशी वाचू. कोणाला बदल सुचवायचा असेल तर आत्ताच माझ्याकडं लिहून द्या, किंवा तोंडी सांगा, मी लिहून घेतो.

जय सेवा.