ब्रह्मगिरीची फेरी

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीच्या फेरीसाठी गर्दी लोटते. मला तर ही वाट एरवीही चालावीशी वाटते. कुशावर्त तीर्थावरून निघायचं, ब्रह्मगिरीचा डोंगर उजव्या हाताला ठेवायचा आणि साधारण 20 किलोमीटर चालून पुन्हा त्र्यंबकातच यायचं. वाटेत रान, गुरांची चराऊ माळरानं, उतारांवर नागली-वरई आणि सखल भागात भाताची खाचरं. या खाचरांचे बांध मातीचे असतात. खेकडे ते पोखरतात, त्यात आपला पाय पडला की बांध खचतो आणि लावणीचं पाणी वाहून जातं. म्हणून मळलेली पायवाट सोडू नका. रिकाम्या पिशव्याही माळावर टाकू नका, चरणारी गुरं त्या गिळतात.